चार बाहेरचे चेंडू

बुधवारी सकाळची फेरी संपवून लोरेटा मॅझुरेकने शाळेची पिवळी बस आगारात लावली आणि फोन पाहिला, तर पॉलेट ड्रेशरचे सहा फोन येऊन गेलेले. पॉलेट अशी माणसाच्या मागे लागणारी बाई नव्हती. दातांच्या दवाखान्यात लोकांना तारखा देण्यात तिची वीस वर्षं गेली होती. एकदा फोन करायचा, निरोप ठेवायचा आणि गप्प बसायचं ही तिची रीत. लोरेटाने अंगावरचं पिवळं जाकीटही न काढता आपली व्हॅन काढली.

पॉलेट स्वयंपाकघरात उभीच होती. टेबलावरच्या कॉफीवर साय धरली होती. तिने फोन लोरेटापुढे सरकवला.

मजकूर चार ओळींचा. लिहिणाऱ्याच्या नावाच्या जागी नुसते आकडे. 'तुझ्या पोराला सांग, मंगळवारी केलं त्याची भरपाई करावी लागेल. तू कुठे राहतेस ते ठाऊक आहे. हेझल स्ट्रीट, हिरवं दार, पायरीवर तीन भोपळे. कडी नीट लावून झोपत जा.'

"ते भोपळे मी रविवारी संध्याकाळी ठेवलेत," पॉलेट म्हणाली. "म्हणजे जो कोणी आहे तो रविवारनंतर या घरावरून गेलाय."

लोरेटाने मजकूर पुन्हा वाचला. पॉलेटच्या मुलाला, कोल्बी ड्रेशरला, ती तो नऊ वर्षांचा असल्यापासून ओळखत होती. चर्चमागच्या मैदानात त्याच्या हातात पहिल्यांदा चेंडू नीट धरवला तो तिने. बोटं शिवणीवर कुठे ठेवायची, मनगट कधी सोडायचं, फलंदाजाने तुझा चेंडू उडवला तर त्याच्याकडे बघायचं नाही, आपल्या बुटांकडे बघायचं, हे सगळं तिने शिकवलं. आता तो चोवीस वर्षांचा होता, तिकडे पश्चिमेकडच्या एका मोठ्या संघात शेवटच्या डावांत चेंडू फेकायला येत होता, आणि मंगळवारी बाद फेरीच्या सामन्यात त्याच्या संघाने बाजी मारली होती.

बाजी मारली होती, हेच तर डोक्यात शिरत नव्हतं. कोल्बी आठव्या डावात आला. पहिला गडी त्याने तीन चेंडूंत बाद केला. मग त्यांचा तो आडदांड फलंदाज आला, ज्याने त्या आठवड्यात चार चेंडू मैदानाबाहेर धाडले होते. कोल्बीला बाकावरून प्रशिक्षकाची खूण आली की याला मारण्याजोगं काही देऊ नकोस. त्याने चार चेंडू बाहेर टाकले, गड्याला फुकटात पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर, जाऊ दिलं, आणि पुढच्या दोघांना सोपे झेल द्यायला लावले. शहाण्या माणसाने खेळावं तसा खेळला. पण देशभर हजारो लोकांनी फोनवरून पैज लावली होती की हा पोरगा निदान दोघांना तरी चेंडू हुकवून बाद करील. त्याने एकाला केलं. संघ जिंकला आणि ते हरले.

"पोलिसांना दाखवलंस?"

"दाखवलं. लिहून घेतलं त्यांनी." पॉलेटने कॉफी बेसिनमध्ये ओतली. "कोल्बीला सांगितलं नाही मी. त्याचे अजून सामने आहेत. आणि तूही कुणाला सांगू नकोस. तुझ्या त्या कार्यक्रमात तर मुळीच नाही. शब्द दे मला."

"दिला," लोरेटा म्हणाली.

तो कार्यक्रम दर शनिवारी सकाळी नऊ ते अकरा चाले. सरोवराकाठच्या ईरी गावाला स्वतःचा असा एकही मोठा संघ नाही. पूर्वेला बफेलो, पश्चिमेला क्लीव्हलंड, दक्षिणेला पिट्सबर्ग, तिन्हीकडे गाडीने दीड-दोन तास, आणि गाव तिघांत वाटलेलं. एकाच जेवणाच्या टेबलावर बाप एका संघाचा, मुलगी दुसऱ्याची आणि जावई तिसऱ्याचा. त्यामुळे आठवडाभराच्या बातम्यांवर भांडायला माणसं कधी कमी पडली नाहीत. लोरेटा आणि ड्वेन पेटिग्रू हे भांडण अकरा वर्षं रेडिओवर चालवत होते. ड्वेन प्लास्टिकच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, आवाज पिंपात बोलल्यासारखा, आणि पिट्सबर्गच्या बाहेर जगात खेळ म्हणून काही असतो हे त्याला मान्य नव्हतं. लोरेटा फुटबॉलला बफेलोची, बेसबॉल-बास्केटबॉलला क्लीव्हलंडची.

गालिच्यांच्या दुकानावरच्या माडीवर ते स्टेशन. गेल्या उन्हाळ्यात ते विकलं गेलं आणि नव्या मालकांबरोबर ट्रेंट हॉलिस नावाचा व्यवस्थापक आला. चौतीस वर्षांचा, पांढरेशुभ्र बूट, बोलणं गोड. त्याच्याबरोबर सट्ट्याची एक कंपनी जाहिरातदार म्हणून आली, आणि कार्यक्रमात दहा मिनिटांचा एक तुकडा शिरला. कुणावर काय भाव चाललाय ते वाचायचं आणि आपली एक 'पक्की' पैज सांगायची. लोरेटाने ते वाचायला नकार दिला होता, म्हणून ते ड्वेन वाचायचा. आणि गेल्या शनिवारी ड्वेनने सांगितलेली पक्की पैज कोल्बीचीच होती. "आपलंच पोर," तो म्हणाला होता. "दोघांना चेंडू हुकवून बाद करणं म्हणजे त्याला सकाळचा नाश्ता."

शनिवारी लोरेटा माडी चढून आली तेव्हा तीन रात्रींची झोप तिच्या डोळ्यांत साचली होती. ड्वेनने नेहमीप्रमाणे पेपरोनी बॉल्सची, आत मसालेदार मांस भरलेल्या पावाच्या गोळ्यांची, कागदी पिशवी आणली होती. तिने ती नुसती बाजूला सारली.

"खात नाहीस? म्हणजे बफेलो हरल्याचं मनाला लागलंय," ड्वेन म्हणाला.

"ड्वेन, आज त्या पैजांमध्ये कोल्बीचं नाव घेऊ नकोस."

"कागदावर आहे बाई. आज रात्री सामना आहे त्याचा."

"असू दे. कागद तुझा बाप आहे का?"

दारात ट्रेंट उभा होता. "कोल्बीचा विषय घ्या ना, जरूर घ्या," तो म्हणाला. "गावचा मुलगा आहे, लोकांना ऐकायचंय. फक्त खेळापुरतं ठेवा. हल्ली खेळाडूंना कोणी काही लिहितं, शिव्या, धमक्या, ते नको. आपल्या जाहिरातदारांना तसली हवा आवडत नाही."

"शिव्यांची हवा आवडत नाही," लोरेटा म्हणाली. "आणि शिव्या घालायला लावायचं दुकान आवडतं."

"तुम्ही दमलेल्या दिसताय, लोरेटा."

"मी दमलेली नाही. मी चिडलेली आहे. दोन्हींत फरक असतो, तुला कळेल पुढे कधी."

नऊचे ठोके झाले. ट्रेंट काचेपलीकडच्या खोलीत जाऊन बसला. लोरेटाने कानाला हेडफोन लावला आणि समोरचं लाल बटण जागेवर आहे ना ते सवयीने चाचपलं. कार्यक्रम सात सेकंद उशिरा हवेत जायचा. फोनवर कोणी घाण बोललं तर ते बटण दाबायचं, की ते गावापर्यंत पोचत नसे. अकरा वर्षांत तिने ते चाळीस-पन्नास वेळा दाबलं असेल.

पहिला पाऊण तास अमेरिकन फुटबॉलचा. बफेलोवाले शेवटच्या दोन मिनिटांत हातातला सामना घालवून बसले होते.

"तुमच्या प्रशिक्षकाला घड्याळ बघता येत नाही," ड्वेन म्हणाला. "माझी नात बघते. पाच वर्षांची आहे."

"तुझ्या नातीला पाठव मग. पिट्सबर्गला आक्रमण कसं असतं तेही दाखवून येईल. गेल्या तीन आठवड्यांत तुमच्या पोरांनी जेवढ्या वेळा चेंडू पुढे नेला, त्याहून जास्त वेळा मी बस मागे घेतलीय."

"ऐकताय ना, मंडळी? हिला दुःख झालं की ही दुसऱ्याच्या घरात कचरा टाकते."

फोन येत राहिले. हॉकीचा मोसम नुकता सुरू झाला होता आणि पिट्सबर्गच्या गोलरक्षकाने पाच सामन्यांत एकवीस गोल खाल्ले होते. त्यावर ड्वेन असा गप्प झाला की लोरेटालाही हसू आलं. बास्केटबॉलचा पहिलाच आठवडा, आणि क्लीव्हलंडच्या एका बड्या खेळाडूला तिसऱ्याच सामन्यात 'विश्रांती' दिलेली. "विश्रांती," लोरेटा म्हणाली. "एक बाप आपल्या दोन मुलींना घेऊन दीड तास गाडी हाकत जातो, महिनाभर आधी तिकिटं काढून, आणि तिथे बघतो तर साहेब कोट घालून बाकावर. मी पहाटे पाचला उठते. मला कोणी तिसऱ्या दिवशी विश्रांती देत नाही." एरवी हे ती गमतीत बोलली असती. आज तिचा आवाज करवतीसारखा चालला होता, आणि ड्वेनने एकदोनदा तिच्याकडे चमकून पाहिलं.

मग बेसबॉल आलं.

"आता आपल्या पोराचं," ड्वेन म्हणाला. "संघ जिंकला, चांगलं झालं. पण मंगळवारी त्याने आपल्यापैकी बऱ्याच जणांना रडवलं, ते खोटं नाही. दुसराही चेंडू हुकून बाद झाला असता तर..."

"त्याने काय करायला हवं होतं, ड्वेन? त्या बैलाला छातीसमोर चेंडू द्यायला हवा होता? तुझ्या पैजेसाठी?"

"मी तसं म्हणत नाही."

"तू नेमकं तेच म्हणतोयस. तो पोरगा सामना जिंकायला गेला होता. तुझा कागद जिंकायला नाही."

ड्वेनने हात वर करून फोनकडे बोट दाखवलं. दिवा लुकलुकत होता.

"कोण बोलतंय?"

"मी आर्नी."

आर्नी फेरांटे. कार्यक्रमाला पहिल्या वर्षापासून फोन करणारा म्हातारा. आगगाडीची इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यात तो लोरेटाच्या नवऱ्याबरोबर तीस वर्षं होता. चार वर्षांपूर्वी फ्रँक गेला तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्या सहांत आर्नी पुढे होता, दुखऱ्या गुडघ्यानिशी.

"काय आर्नी, गुडघा काय म्हणतोय?" लोरेटाचा आवाज जरा निवला.

"गुडघ्याचं जाऊ दे. त्या ड्रेशरच्या पोराने मुद्दाम केलं ते. तू त्याची बाजू घेऊ नकोस. मी ड्वेनच्या शब्दावर पैसे लावले होते. पेन्शनीतले."

"त्याला बाकावरून खूण होती, आर्नी. तुम्ही साठ वर्षं बेसबॉल बघताय, तुम्हाला मी सांगायचं?"

"खुणा कसल्या. वरून कोणीतरी पैसे चारले असतील. यांना कोटींनी मिळतात आणि आमचे चाळीस डॉलर यांना दिसत नाहीत. मी गप्प बसलो नाही. त्याच्या आईला कळवलं मी."

लोरेटाने हेडफोन कानावर घट्ट दाबला. काचेपलीकडे ट्रेंट उभा राहिला होता आणि बोट गळ्यावरून फिरवत होता. बंद कर.

"काय कळवलंत?" तिने विचारलं.

"कळवलं. दोन शब्द."

"कोणते दोन शब्द?"

"आता ते कशाला... रागाच्या भरात माणूस लिहितो."

"फोन समोर आहे ना तुमच्या? दुसऱ्या फोनवर असेल तर तो घ्या. वाचून दाखवा."

"लोरेटा," ड्वेन पुटपुटला.

"तू थांब. आर्नी, तुम्हाला लाज वाटण्यासारखं त्यात काही नसेल, तर वाचा. आख्खं गाव ऐकतंय, गावालाही कळू दे तुम्ही काय कळवलंत."

मग आर्नीने खाकरून वाचायला सुरुवात केली. पहिलं वाक्य त्याने ठणकावून वाचलं. दुसऱ्याशी आवाज खाली आला. "'...हेझल स्ट्रीट,'" त्याने वाचलं, आणि थांबला.

"पुढे."

"'हिरवं दार. पायरीवर तीन भोपळे.'" आणि मग अगदी हळू, "'कडी नीट लावून झोपत जा.'"

लोरेटाचा हात टेबलावर लाल बटणापासून वीतभर होता. सात सेकंद होते. तिला ते बटण दिसतही होतं. पण त्या क्षणी तिला फक्त आर्नीचा तो लहान झालेला आवाज गावातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात पोचायला हवा होता. सात सेकंद गेले.

"मी काय करणार होतो तिला?" आर्नी म्हणत होता. "मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. मला जिने चढवत नाहीत. भाचीकडे जाताना ते घर दिसलं एवढंच. गंमतच होती म्हण."

"तुमचं वय तिला त्यात दिसलं का? तुमचा गुडघा दिसला? तिला फक्त दिसलं की कोणीतरी तिच्या दारात उभं राहून भोपळे मोजून गेलंय. तुम्ही माझ्या फ्रँकला खांदा दिलात, आर्नी. तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात बसून रडलात. आणि तुम्हीच चाळीस डॉलरसाठी एका एकट्या बाईला सांगता की कडी लावून झोप."

"मी..."

"ठेवा फोन. तुमचा आवाज आज मला ऐकवत नाही."

तिने लाईन तोडली आणि ड्वेनकडे वळली. माईक चालूच होता. "आणि तू, ड्वेन. गेल्या शनिवारी तू या खुर्चीत बसून सांगितलंस, नाश्त्याएवढी सोपी पैज. त्या पोराचा हात कसा चाललाय हे तुला ठाऊक नव्हतं. कागदावर जे होतं ते तू वाचलंस. आजचाही कागद तुझ्यापुढे आहे. वाचणार आहेस?"

ड्वेन कागदाकडे बघत राहिला. तेवढ्यात ट्रेंटने काचेपलीकडून त्यांना हवेतून काढलं आणि जाहिरात लावली. हेडफोनमध्ये ढोल वाजले आणि एक उत्साही माणूस सांगू लागला की आज रात्रीच्या सामन्यावर पहिली पैज लावाल तर दुसरी फुकट.

ट्रेंटशी फार बोलणं झालं नाही. त्याने "आपण सोमवारी बोलू" म्हटलं आणि लोरेटाने "तू बोल, मी ऐकायला येणार नाही" म्हटलं. जिना उतरताना तिची छाती हलकी वाटत होती. एवढं बरं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. ती तशीच हेझल स्ट्रीटला गेली. सरोवरावरून वारा सुटला होता, मेपलची पानं गाडीच्या काचेवर येऊन चिकटत होती.

हिरवं दार चार बोटं उघडलं. आत साखळी लावलेली होती.

"पॉलेट, तो आर्नी फेरांटे निघाला. म्हातारा आहे, काही करणार नाही. आता घाबरायचं कारण..."

"मी ऐकलं." पॉलेटच्या अंगात अजून दवाखान्याचा फिकट निळा डगला होता. "आमच्याकडे रेडिओ लावलेला असतो शनिवारी. नऊ माणसं बसली होती. सगळी माझ्याकडे बघायला लागली."

"मी तुझं नाव घेतलं नाही."

"त्याची गरज होती? 'ड्रेशरच्या पोराची आई.' गल्लीचं नाव. दाराचा रंग. आज सकाळपर्यंत एका माणसाला माहीत होतं, लोरेटा. आता कोणाला माहीत नाही ते सांग."

लोरेटाने दाराच्या चौकटीवर हात टेकवला.

"तुझ्यापुढे बटण असतं," पॉलेट म्हणाली. "लाल. तूच सांगितलं होतंस मला, हसत हसत, कुठल्या माणसाच्या शिव्या कशा गाळल्यास ते. त्याने गल्लीचं नाव घेतलं तेव्हा तुझा हात कुठे होता?"

"टेबलावर."

"म्हणजे तुला सुचलं नाही असं नाही."

"सुचलं होतं," लोरेटा म्हणाली. खोटं बोलणं तिला जमलं नाही. "मला तो उघडा पडायला हवा होता."

"पडला. आणि त्याच्याबरोबर मीही पडले." पॉलेटचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "राग माझा होता. माझ्या घरी येऊन तू तो उचललास आणि तिकडे जाऊन आपल्या नावावर खर्च केलास. जा आता."

दार लागलं. कडीचा आवाज झाला, मग पुन्हा एका कडीचा.

रविवारी त्या गल्लीतून गाड्या हळू जाऊ लागल्या. कोणी खिडकीतून हात काढून फोटो घेतले. एक भोपळा कोणीतरी लाथ मारून फोडला, आणि त्याच दुपारी दुसऱ्या कोणीतरी पायरीवर फुलांचा गुच्छ आणि 'आम्ही तुमच्यासोबत आहोत' असं पत्र ठेवलं. पॉलेटला दोन्हींची सारखीच धडकी भरली, असं शेजारणीने लोरेटाला सांगितलं. पोलिसांनी आर्नीला बोलावून नेलं, जबाब घेतला, प्रकरण न्यायाधीशापुढे जाईल असं सांगितलं आणि घरी सोडलं. स्टेशनचा निरोप सोमवारी आला, तीन ओळींचा. अकरा वर्षांबद्दल आभार त्यातल्या तिसऱ्या ओळीत होते.

सोमवारीच, दुपारच्या फेरीआधी, आर्नी बसच्या आगारात आला. लोरेटा टायरची हवा बघत होती. तो थोडा लांबच उभा राहिला, टोपी हातात, जाकिटाच्या खिशातून एक पाकीट डोकावत होतं.

"तिला पत्र लिहिलंय," तो म्हणाला. "तू देशील का नेऊन?"

"नाही."

"मी गेलो तर ती घाबरेल."

"हे तुम्हाला आता कळलं." लोरेटाने टायरवर लाथ मारली, गरजेपेक्षा जोरात. "टपालाने पाठवा. पत्ता तुम्हाला ठाऊक आहे."

आर्नीने मान खाली घातली. "माझ्या मुलीने फोन घेणं बंद केलंय. कारखान्यातली पोरं कॉफीला बसतात तिथे मी गेलो, तर जागा असून कोणी सरकलं नाही. तू मला सगळ्यांसमोर वाचायला लावलंस, लोरेटा. एकट्याला विचारलं असतंस तर तुला सांगितलं असतं मी."

तिला वाटलं होतं की याला बघून तिचा राग पुन्हा उसळेल आणि ती त्याला सोलून काढील. राग आलाही. पण तो नुसत्या आर्नीवर थांबेना. चाळीस डॉलर लावणाऱ्या म्हाताऱ्यावर, 'नाश्ता' म्हणणाऱ्या ड्वेनवर, पांढऱ्या बुटांच्या ट्रेंटवर, आणि वीतभर अंतरावरच्या बटणापर्यंत न गेलेल्या आपल्या हातावर, असा तो पाण्यासारखा सगळीकडे पसरला आणि कुठेच खोल राहिना.

"सांगितलं असतंत, कदाचित," ती म्हणाली. "मी विचारायला हवं होतं. ती चूक माझ्याकडे. पण लिहिलंत तुम्ही, ते तुमच्याकडेच राहील. आता बाजूला व्हा, मला बस काढायचीय."

कोल्बीचा फोन गुरुवारी आला. त्याच्या संघाचे सामने बुधवारी संपले होते, हरून.

"कोच," तो म्हणाला. अजून तिला तेच म्हणायचा. "मला आईने काही सांगितलं नव्हतं. मला दुसऱ्यांकडून कळलं."

"तिला तुझा हात बिघडायला नको होता."

"मला पण येतात. मंगळवारच्या त्या सामन्यानंतर तीनशेच्या वर आले. जिंकलो होतो आम्ही. मी वाचत नाही. तुम्ही सांगायचात ना, बुटांकडे बघ. पण आईला कोणी शिकवलंय ते? मला ती तिथे नकोय आता. मावशीकडे जा म्हटलं, तासाभरावरच्या डंकर्कला. ऐकते का बघा."

"माझं ती ऐकणार नाही, कोल्बी. माझ्याशी बोलत नाही ती. आणि तिचं बरोबर आहे."

"माहीत आहे. मीही चिडलोय तुमच्यावर." त्याने ते साधेपणाने सांगितलं, हवामान सांगावं तसं. "पण दुसरं कोणाला सांगू?"

तिला काही करावं लागलं नाही. शुक्रवारी रात्री पॉलेटचाच फोन आला. "उद्या सकाळी डंकर्कला जायचंय. माझ्या गाडीत सामान मावत नाही. तुझी व्हॅन आहे." आणि मग, "माफ केलं असं समजू नकोस."

"समजत नाही," लोरेटा म्हणाली.

शनिवारी साडेनऊला त्या निघाल्या. मागे चार खोकी, शिवणयंत्र, कपड्यांच्या दोन बॅगा आणि कोल्बीच्या लहानपणच्या बक्षिसाच्या ढालींनी भरलेली एक टोपली. ढाली कशाला नेतेयस, असं लोरेटाने विचारलं नाही. गावाबाहेर द्राक्षांचे मळे सुरू झाले. तोडणी उरकत आली होती आणि बंद काचांतूनही गोड, आंबूस वास आत येत होता. वीस मिनिटं गेली. मग पॉलेटने हात पुढे करून रेडिओ लावला.

ड्वेन बोलत होता. एकटाच. फुटबॉल, मग हॉकी, मग पुन्हा फुटबॉल, कोणी अडवायला नसल्यामुळे वाक्यं लांबत चाललेली. लोरेटाने बंद करायला हात नेला.

"राहू दे," पॉलेट म्हणाली.

तिकडे कागद खुळखुळला. ड्वेनने आठवड्याचे भाव वाचायला घेतले. कुणावर किती, कुठे किती. आवाज सपाट होता, पण त्याने वाचलं, शेवटपर्यंत. मग पुढच्या मोसमासाठी कोणता संघ कोणाला ठेवील यावर आला. "कोल्बी ड्रेशर," तो म्हणाला. "चांगला आहे, पण बड्या फलंदाजासमोर जरा बिचकतो. ते चार चेंडू..."

"बिचकतो?" पॉलेट रेडिओला म्हणाली.

लोरेटाने रस्त्यावरची नजर हलवली नाही.

"हा माणूस बेसबॉल खेळलाय का कधी?"

"शाळेत," लोरेटा म्हणाली. "राखीव होता. दोन वर्षं बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया खाल्ल्या."

"आणि माझ्या पोराला बिचकतो म्हणतो. पहिल्या बेसवर एकही माणूस नसताना, दोन धावांची आघाडी असताना, त्या बैलाला कोण चेंडू देतो? कोण देतो, सांग."

"कोणी देत नाही."

"मग हा काय बोलतोय?"

"कागदावर असेल ते बोलतोय."

"गाढव आहे," पॉलेट म्हणाली, आणि रेडिओचा आवाज आणखी मोठा केला, एकही शब्द सुटू नये म्हणून.